शनिवारची करकर

माझ्या सायकलीची करकर फक्त शनिवारी ऐकू यायची, कारण ती चालायचीच शनिवारी. एरवी ती आमच्या इमारतीखालच्या मिक्लातमध्ये उभी असायची. मिक्लात म्हणजे बॉम्ब पडायला लागले की धावत जायचं ते काँक्रीटचं तळघर. बॉम्ब नसतात तेव्हा तिथे सायकली, मोडके पंखे आणि कुणाकुणाच्या लग्नातून उरलेल्या खुर्च्या राहतात. आठवडाभर मी बसने बेर शेव्याला जाऊन तिथल्या इस्पितळात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढायची. शुक्रवार स्वयंपाकात आणि झाडलोटीत जायचा. उरला शनिवार, म्हणजे शब्बाथ, कामाला हात न लावण्याचा पवित्र दिवस, आणि शनिवारी सायकल चालवायची नाही हे आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं, की कुणी ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. वाळवंटातल्या एका प्रचंड विवराच्या काठावर वसलेल्या मित्स्पे रामोनमध्ये मी आणि बाबा दोघंच राहत होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, त्यामुळे चाळिशीला टेकल्यावर मी परत बापाच्या घरी येऊन पडले होते. बाबा मुंबईला गिरणीत फिटर होते, इथे आल्यावर कारखान्यात फिटर झाले, आणि निवृत्तीनंतर कोकणातून आलेल्या आमच्या ज्यू लोकांच्या छोट्या सिनेगॉगमध्ये हझान झाले. हझान म्हणजे पुढं उभं राहून सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना म्हणणारा. त्यात पैसा नव्हता, मान होता. कारखान्यात अख्खी नोकरी झाली तरी बाबांना बहुतेक जण ‘तो हिंदुस्थानी’ म्हणूनच ओळखायचे. सिनेगॉगमध्ये मात्र ते आत आले की लोक उठून उभे राहायचे. त्या माणसाला आयुष्यात मिळालेली मानाची जागा तेवढी एकच होती.

ती मिळाली कशी, तेही सांगायला हवं. त्यांच्या आधीच्या हझानाच्या मुलानं एलातकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाण्याची टपरी काढली आणि ती शनिवारीही उघडी ठेवली. तेव्हा बाबाच सगळ्यांसमोर उठून म्हणाले होते, की ज्याच्या घरात शब्बाथ मोडतो त्यानं पुढं उभं राहू नये. तो माणूस निमूटपणे बाजूला झाला. हे शब्द मी बायकांच्या बाजूला बसून माझ्या कानांनी ऐकले होते, आणि तरीही दर शनिवारी बाबा प्रार्थनेला गेले की मी पांघरुणातून उठून मिक्लातमध्ये उतरायची. का, असं मला आजही कुणी विचारू नये. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत शिशाचा जड एप्रन घालून उभं राहावं आणि मग सांगावं. विवराच्या काठावरचा वारा एकदा अंगावर घेतला नाही, तर पुढचा आठवडाभर मी समोर येईल त्याच्यावर डाफरायची. बाबा परतायच्या आत मी घरी येऊन, तोंड धुऊन, टेबल मांडून बसलेली असायची.

गावातून विवराकडच्या रस्त्याला लागायला एकच बरी वाट होती, आणि ती नेमकी सिनेगॉगच्या मागच्या भिंतीला लागून जायची. मी भिंतीशी आले की आतून बाबांचा आवाज यायचा. पुढं पुढं तर त्या ठिकाणी तो हटकून चढायला लागला, इतका की खिडकीची काच थरथरेल. म्हातारपणी भक्ती वाढते म्हणतात, तसं असेल, असं मला वाटायचं.

आता पेडलविषयी. सायकल मी इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंकडून घेतली होती, आणि तिला क्लिपवाले पेडल होते. बुटाच्या तळव्याला धातूचा एक तुकडा स्क्रूनं बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. तो पेडलवर दाबला की खट्ट होऊन अडकतो. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हबकलेच होते. शहाणं माणूस आपण होऊन आपले पाय यंत्राला जखडून घेतं आणि त्यासाठी वेगळे बूटही विकत आणतं! पण सवय झाली आणि चढावर पायात आलेलं बळ कळलं, तेव्हा साधे पेडल मला पायऱ्या चढल्यासारखे वाटायला लागले.

मग एका हिवाळ्याच्या सुरुवातीला ती करकर सुरू झाली. उजवा पाय खाली गेला की कर्र, वर आला की टक. इतर कुठल्या गावात, इतर कुठल्या वारी कुणाला ते ऐकूही आलं नसतं. पण आमच्या गावात शनिवारी सकाळी गाड्या नसतात, रेडिओ नसतो, शाळेची घंटा नसते. कुणी खोकलं तर तिसऱ्या गल्लीत कळतं की आज कोण आजारी आहे. त्या शांततेत माझी सायकल कर्र-टक कर्र-टक करत सिनेगॉगच्या भिंतीमागून जायची.

मी दुरुस्तीला लागले. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार झाला. आधी मला वाटलं, सीट वाजते. सीटचा दांडा काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवला. मग चेन धुतली. मग क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांड्यांचे, बोल्ट आवळले. करकर होती तिथेच. शेवटी मी उभं राहून चालवून पाहिलं, तरी आवाज, म्हणजे सीटचा दोष नव्हता. एकट्या डाव्या पायानं चालवून पाहिलं, आवाज बंद. म्हणजे उजवीकडेच काहीतरी होतं. बुटाखालची क्लीट काढली तर तिच्याखाली आमच्या नेगेव वाळवंटाची वाळू भरलेली. ती साफ केली, स्क्रूंना ग्रीसचं बोट लावून घट्ट केले. आवाज थोडा उतरला, पण गेला नाही.

मग एका गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून पेडलच काढायला बसले. सायकल वर का आणली, असं बाबांनी विचारलं नाही. मीच आपणहून सांगितलं, की कधीमधी कामावरून आल्यावर एक चक्कर मारते म्हणून. त्यांनी मान डोलावली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मला माहीत नव्हतं. मी सगळा जोर लावून तो सोडवण्याऐवजी आवळत बसले, पाना निसटला आणि बोटाची सालं निघाली. बाबांनी पाना माझ्या हातातून घेतला, उलटा फिरवला, पेडल काढून दिला आणि परत खुर्चीत जाऊन बसले. मी आटे पुसले, ग्रीस लावलं, दोन्ही परत बसवले. हातानं पेडल हलवून पाहिलं तेव्हा मात्र खरा रोग सापडला. उजवा पेडल आपल्या आसावर डुगडुगत होता. आत वाळू जाऊन बेअरिंग खल्लास झालं होतं. त्याला आता ग्रीस नको, नवीन पेडलच हवे होते.

बाबा एवढंच म्हणाले, की ग्रीसनं काय होतंय, दोन थेंब तेल घालून बघ.

हे म्हणजे आमच्या रक्तातलंच. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून. घाणे सुटून पिढ्या लोटल्या, समुद्र सुटला, देश सुटला, पण तेलावरचा विश्वास सुटला नाही. कान दुखला तेल, गुडघा धरला तेल, दार कुरकुरलं तेल. बाबांची खोबरेलाची बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची. मित्स्पे रामोन उंचावर आहे, हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं, त्यामुळे सकाळी ते तेल बाटलीत पांढरंफट्ट होऊन बसायचं आणि बाबा ती बाटली हीटरजवळ नेऊन ठेवायचे. मी त्यांच्यावर खेकसले. म्हटलं, तेलाला वाळू चिकटते, माझ्या पेडलना तेलाचा हातही लावू नका. 

नवीन पेडल आणायचे तर बेर शेव्याच्या दुकानात बसून नीट निवडायला हवे होते. कुठले घ्यावे हेही मला कळत नव्हतं. एका बाजूनं अडकणारे असतात, दोन्ही बाजूंनी अडकणारे असतात, काहींत पाय थोडा हलतो, काहींत जरासुद्धा हलत नाही. हा आठवडा, पुढचा आठवडा, असं करत मी ढकलत राहिले.

तो शनिवार फार थंडीचा होता. मिक्लातच्या दारावर दव गोठलं होतं. मी सायकल बाहेर काढली आणि पेडलवर पाय दाबला. नेहमीचा खट्ट आवाज आला नाही, बूट दबकन आत बसला. म्हटलं, थंडी आहे. निघाले, आणि काय सांगू, आवाज नाही! एक फेरा, दुसरा फेरा, दहावा फेरा, काही नाही. मी थक्क झाले. त्या गुरुवारचं ग्रीस उशिरा का होईना लागू पडलं, असं समजून मी स्वतःवरच खूश झाले. सिनेगॉगच्या भिंतीमागून मी मांजरीसारखी गेले. आत शांतता होती. सगळे उभे राहून मनातल्या मनात म्हणतात ती प्रार्थना चालू असावी.

विवराच्या काठच्या रस्त्यावर एका वळणावर रानबोकडांचा कळप आडवा आला. ते तिथे नेहमी असतात आणि आपल्याला जुमानत नाहीत. मी ब्रेक लावला, उजवी टाच बाहेर फिरवली. पाय सुटला नाही. पुन्हा जोर लावला. पाय पेडलला चिकटल्यासारखा झाला होता. सायकल थांबली, क्षणभर सरळ उभी राहिली आणि मी उजव्या अंगावर धाडकन आदळले. घोट्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. आवाजावरून हाड की शिर ते मला लगेच कळलं, धंदाच तो. हाड नव्हतं. पण डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि बूट अजूनही पेडलमध्येच होता.

पडल्या पडल्या मी बुटाचे बंद सोडून पाय बाहेर ओढला. मग त्या पेडलकडे पाहिलं. स्प्रिंगमध्ये, फटीत, सगळीकडे पांढरा घट्ट लगदा बसला होता, वाळूनं खरबरीत झालेला. मी बोटानं खरवडून पाहिला. बोटाच्या ऊबेनं तो वितळला आणि वास आला.

खोबरेल.

घोट्याची कळ त्या क्षणी मी विसरले.  बाबांना माहीत होतं. कामावरून आल्यावर एक चक्कर मारते, हे त्यांना पटलं नव्हतं. त्यांना शनिवार माहीत होता. कधीपासून? आणि माहीत असून ते दर शनिवारी पुढं उभे राहत होते? शब्बाथविषयी तोंडातून कडक शब्द काढलेला माझा बाप चोरून मिक्लातमध्ये उतरला होता आणि माझ्या पापाला तेल घालून आला होता. बोकड माझ्याकडे बघत उभे होते आणि मी रस्त्यात बसून पेडलचा वास घेत होते.

थोड्या वेळानं एलातहून येणारा एक पिकअप थांबला. चालक भला माणूस होता. त्यानं मला पुढं बसवलं, सायकल मागं टाकली. मी त्याला म्हटलं, मला गावाबाहेरच उतरव. तो म्हणाला, वेडी आहेस का, या पायावर? त्यानं सरळ मुख्य रस्त्यानं गाडी आत घेतली. प्रार्थना नुकतीच सुटली होती. सिनेगॉगच्या दारात अख्खा समाज उभा होता, आणि त्यांच्यामधून शनिवारच्या दिवशी गाडीत बसून, मागं सायकल घालून, हझानाची मुलगी गेली. बाबा पायरीवर होते.  त्यांनी मला पाहिलं, सायकल पाहिली, आणि माझा बूट नसलेला पाय पाहिला. ते लोकांकडे न बघता गाडीच्या मागून चालायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी माझा पाय उशीवर ठेवला.  झाकली मूठ होती तोवर आम्ही दोघं सुखात होतो. शेवटी मीच म्हटलं, “बाबा, तेल तुम्ही घातलंत?”

“शुक्रवारी घातला,” ते म्हणाले. “दिवे लावायच्या आधी.”

शब्बाथ शुक्रवारी दिवे लावले की सुरू होतो, आणि एवढ्यातही त्यांना ते सांगावंसं वाटलं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी विचारलं, कधीपासून माहीत होतं. तेव्हा त्यांनी सांगितलं. करकर सुरू झाली त्या पहिल्याच शनिवारी भिंतीमागून ती त्यांच्या कानावर आली होती. फिटरचे कान ते. लोकांनी ऐकू नये म्हणून ते नेमके तिथे आवाज चढवायचे. खिडकी थरथरायची ती भक्तीनं नव्हे. पण मी पडले त्याच्या आधीच्या आठवड्यात करकर नेमकी मनातल्या मनात म्हणायच्या प्रार्थनेत आली. तेव्हा काही मोठ्यानं म्हणता येत नाही. सगळे गप्प उभे आणि भिंतीमागून मी कर्र-टक करत गेले. एक-दोघांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

“माझा गळा नाय चालला तिकडे,” बाबा म्हणाले. “मग म्हटला, तेल तरी चालंल.”

ते थंडीत थिजेल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बाटली रोज हीटरजवळ नेऊन ठेवणाऱ्या माणसाच्या! त्या माणसानं मिक्लातमध्ये हीटर नाही याचा विचार केला नव्हता. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ते माझ्या घोट्याकडे बघत बसले होते.

पुढच्या शनिवारी ते पुढं उभे राहिले नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं. उलट लोक घरी येऊन गेले, म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, तिचं तिच्यापाशी. त्या टपरीवाल्याचा बाप, आधीचा हझान, तोसुद्धा आला. बाबा त्याच्यासमोर उठून उभे राहिले, त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. पण जागा परत घेतली नाही. ज्या माणसानं हे बोलून दुसऱ्याला उठवलं, त्यानं आपल्या घरात तेच झाल्यावर बसून कसं राहायचं, असं त्यांचं म्हणणं.  मी म्हटलं, मी सायकल विकते, आजच विकते, तुम्ही परत उभे राहा. तेव्हा ते कधी नव्हे ते रागावले. “मी बोललो तो माझा मला,” म्हणाले. “तुझा पाय कशाला विकतेस गो?”

पाय बरा झाल्यावर ते आपणहून माझ्याबरोबर बेर शेव्याला आले. दुकानदारानं काउंटरवर पेडल मांडले. तो वजन सांगत होता, शर्यतीत कुठले वापरतात ते सांगत होता. बाबांनी एकेक हातात घेतला, आस फिरवून पाहिला, क्लीट अडकवून अंगठ्यानं सोडवून पाहिली. बॉम्बेच्या इंग्रजीत आणि मोडक्या हिब्रूत त्यांनी त्याला एकच प्रश्न परत परत विचारला, की माणूस पडताना हा पाय सोडतो काय. दुकानदारानं शेवटी असे काढून दिले, जे दोन्ही बाजूंनी अडकतात, ज्यांच्यात वाळू अडकून बसत नाही, आणि ज्यांची पकड एका स्क्रूनं सैल करता येते. बाबांनी तिथेच स्क्रू पार सैल करून घेतला. मी म्हटलं, एवढी सैल चढावर सुटेल. ते म्हणाले, सुटू दे.

त्यानंतरच्या शनिवारी मी लपले नाही. बाबांसमोरच बूट घातले.  नव्या पेडलना आवाज असा नव्हताच. सिनेगॉगच्या भिंतीमागून जाताना आतून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला, बारीक, चुकत जाणारा, आणि मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घालून निघून गेले. कित्येक शनिवार तसेच गेले.

लोकांनी बाबांसाठी पुढच्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती. ते तिथे बसत नसत. सगळ्यात मागं, भिंतीशी, एकट्यानं बसायचे. बायका मला सांगायच्या, आणि मला वाटायचं, अपमान असा मागं नेऊन बसवतो माणसाला. वसंताच्या सुरुवातीला एकदा मला राहवलं नाही. जेवताना मी म्हटलं, बाबा, माझ्यासाठी तरी पुढं बसा. लोक मान देतात तर घ्या. स्वतःला अशी शिक्षा करून घेऊ नका.

ते माझ्याकडे नवलानं बघायला लागले. शिक्षा कसली, म्हणाले. खिडकी मागच्याच भिंतीला आहे.

मला कळलं नाही. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “आधी तू गेलीस, आलीस, तो ऐकू यायचा. आता पेडल वाजत नाय. बघावं लागतं.”